आप्पांच्या गोळ्या आणि एक ओळ

दुपारपासून लिहितो लिहितो म्हणत टाळतोय, आता लिहूनच टाकतो.

गावाला राहणाऱ्या आप्पांच्या बीपीच्या गोळ्या संपल्यात. त्या आज खोपटच्या एसटी स्टँडवरून चारच्या गाडीने पाठवायच्या होत्या. मी मात्र कोलशेतला खाडीवर जाळं विणणाऱ्या काकांशी गप्पा मारत बसलेलो.

साडेतीनला फोनवर आठवण वाजली, सकाळी मीच लावलेली. ताईने शिकवलेलं, कामांच्या अ‍ॅपमध्ये एकच ओळ टाकायची: 'गोळ्या खोपट आज ३.३० !!'. दिवस, वेळ, घाई ते आपोआप ओळखतं.

रिक्षा पकडून पळालो. कंडक्टर म्हणाले, "गाडी काय तुझ्यासाठी थांबते का रे?" पण पुडकं घेतलं.

ताई, थँक्स गं. तुम्हाला असं कोणी सावरलंय का?

थांबा, बेल वाजली. दारात आप्पा.

"तू विसरणार, म्हणून मीच आलो. दे गोळ्या."