ओळीत उभ्या केलेल्या होड्या

लहानू मेश्राम म्हणजे सरळ रेषेचा माणूस. खमरियाच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत स्टोअरमध्ये तेहतीस वर्षं काढली, आणि त्यांनी रचलेली पेटी कधी तसूभर पुढे-मागे कोणाला दिसली नाही. रांझीतल्या त्यांच्या गल्लीत कुठलाही वाद पेटला की लोक म्हणायचे, "मेश्रामजींना विचारा, ते खोटं बोलणार नाहीत." हे ऐकायला लहानूजींना फार आवडायचं. आवडणारच! बंगला नाही, गाडी नाही, मग माणसानं मिरवायचं तरी काय?

रिटायर झाल्यावर घरातले डबे उंचीप्रमाणे लावायला लागले, तेव्हा पार्वताबाई वैतागल्या. "कुठं तरी कामाले जा ना बाप्पा! माझं मीठच सापडून नाही राहिलं मले." मग ओळखीतून बरगी धरणावर काम लागलं. शहरातल्या काही हौशी मंडळींचा तिथे शिडाच्या होड्यांचा छोटासा क्लब होता. सहा होड्या. त्यांची देखरेख करायला विश्वासू माणूस पाहिजे होता. क्लबचे सेक्रेटरी भय्यासाहेब, जुन्या मराठा घराण्यातले, पेशानं वकील. त्यांनी लहानूजींना एकदा पाहिलं आणि ठेवून घेतलं.

होड्यांचं खरं काम मात्र हल्के बर्मन करायचा. पिढीजात केवट, पन्नाशीचा, बोलणं कमी. होड्या काठापासून दूर, पाण्यातच लंगर टाकून उभ्या असत, आणि लंगराचा दोर हल्के चांगला लांबलचक सोडायचा. त्यामुळे व्हायचं काय, की वारा बदलला की होड्या गरागरा फिरायच्या. एकीचं तोंड पूर्वेला, दुसरीचं आणखी कुठे. लहानूजींना ते बघवायचं नाही. बाजार भरल्यासारखं काय हे!

जूनच्या पहिल्या रविवारी भोपाळहून कोणी मोठे साहेब होड्या बघायला येणार होते. फोटो निघणार होते. शनिवारी हल्के भाच्याच्या लग्नाला शहपुऱ्याला निघाला, तेव्हा लहानूजींनी त्याला अडवलं.

"हल्के, ये रस्सियाँ छोटी कर दो. सब नाव एक लाइन में दिखनी चाहिए."

"ना बाबूजी," हल्के म्हणाला. "ढील रहने दो. हवा का भरोसा नहीं."

"तेहतीस वर्षं सामान लावलंय मी," लहानूजी त्याच्या पाठीमागे मराठीत पुटपुटले. आणि तो गेल्यावर लहान डोंगी घेऊन स्वतःच निघाले. एकेका होडीवर चढायचं, दोर ओढून घ्यायचा, लंगराच्या जवळजवळ डोक्यावर होडी आणायची आणि घट्ट बांधायची. दुपार गेली, तळहात सोलवटले. पण काम झाल्यावर काठावरून पाहिलं तर काय, सहाच्या सहा होड्या कवायतीला उभ्या! लहानूजी स्वतःवरच खूश झाले.

रविवारी साहेबही खूश झाले. "वा, क्या डिसिप्लिन है!" म्हणाले. जेवून निघून गेले. आणि साडेतीनला पश्चिमेकडून आंधी उठली.

आता यात समजून घ्यायची गोष्ट एवढीच: दोर लांब असला की लंगर तळाच्या चिखलात आडवा पडतो आणि होडी ओढेल तसा आणखी रुतत जातो. आखूड असला की लाटेच्या प्रत्येक हिसक्यासरशी वर उपटला जातो. हे हल्केला कळत होतं. लहानूजींना त्या दुपारी कळलं. पहिली होडी हलली, दुसरी हलली, आणि मग सगळ्याच्या सगळ्या लंगर फरपटत काठाच्या दगडांकडे निघाल्या. लहानूजी कमरेइतक्या पाण्यात शिरले. एकीची कड हाताला लागली, तर तिनं त्यांनाच आडवं पाडलं. अर्ध्या तासात सगळं आटोपलं. चार होड्यांच्या फळ्या दगडांवर पसरल्या होत्या, दोन बूड फुटून कलंडल्या होत्या.

संध्याकाळी भय्यासाहेब धावत आले. काठावर उभं राहून डोळे पुसले त्यांनी. मग विचारलं, "मेश्राम, लंगर कोण बघतं?"

आता बघा, किती साधा प्रश्न! उत्तरही ओठांवर होतं. पण ओठ उघडले आणि बाहेर आलं ते भलतंच. "लंगराचं सगळं हल्केच बघतो, साहेब."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. म्हणूनच ते उत्तर फार हलकट होतं.

सोमवारी हल्के परतला. भय्यासाहेबांनी त्याला तिथल्या तिथे कामावरून काढलं. तेव्हा हल्के फुटक्या होडीपाशी वाकला होता. आखूड बांधलेला दोर त्यानं हातात धरला, गाठ पाहिली. मग मान वर करून लहानूजींकडे पाहिलं. लहानूजी जमिनीकडे बघत राहिले. हल्केनं गमछा झटकला, खांद्यावर टाकला आणि गेला.

मेश्रामांच्या घरी रोज सकाळी नवराबायको मिळून पंचशील म्हणत. लग्नापासूनचा शिरस्ता. मंगळवारी चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं, आणि लहानूजींचा आवाज बसला. पार्वताबाई एकट्याच म्हणत राहिल्या. बुधवारी तेच. गुरुवारी तेच. शेवटी बाईंनी विचारलं, "काहून, चौथ्यालेच घसा बसते काय तुमचा?"

लहानूजी चप्पल घालून बाहेर निघून गेले. जेवणही सुटलं. आरशात बघून दाढी करायची लाज वाटायची, म्हणून खुंट वाढले. गल्लीतला कोणी 'जय भीम, मेश्रामजी' म्हणाला की अंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं. रविवारी रात्री त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. पार्वताबाई रागावल्या नाहीत, हेच वाईट. एवढंच म्हणाल्या, "त्याच्याही घरी बायको असंन ना हो."

सोमवारी सकाळी लहानूजी भय्यासाहेबांच्या बैठकीत उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. एका दमात बोलले: दोर मी आखूड केले, हल्केनं मला नको म्हटलं होतं, तरी केले, त्या दिवशी तुमच्यासमोर मी भ्यालो.

भय्यासाहेबांनी चष्मा काढला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"मेश्राम, तुमचं मन फार मोठं आहे हो."

"साहेब, तसं नाही. मीच खरंच..."

"मला कळतं. त्या गरिबाची नोकरी गेली, म्हणून तुम्ही स्वतःवर घेताय. पण तुमच्यासारखा शिस्तीचा माणूस दोराशी खेळेल होय? आणि त्या दिवशी तुम्हीच तर सांगितलंत. तुम्ही कधी खोटं बोललात?" त्यांनी लहानूजींच्या खांद्यावर हात ठेवला. "आता हा विषय बंद. चहा घ्या."

लहानूजींनी शपथा घेतल्या, तळहात उघडून दाखवले. जखमा भरल्या होत्या. भय्यासाहेब हसले आणि आतून चहा मागवला. असा चहा कोणाच्या नशिबी येऊ नये.

तिथून ते तडक नदीवर, ग्वारीघाटला गेले. हल्के तिथे चुलतभावाची नाव चालवत होता, पलीकडच्या गुरुद्वाऱ्याला माणसं पोचवायची. लहानूजी त्याच्या नावेत जाऊन बसले आणि मान खाली घालून सगळं सांगितलं. भय्यासाहेब काय म्हणाले तेही. हल्के नावेतलं पाणी डब्यानं उपसत ऐकत होता.

"मला माफ कर म्हणत नाही," लहानूजी मराठीतच बोलून गेले, मग हिंदीवर आले. "तुम्हें तो सब पता था. तुमने क्यों नहीं बोला?"

"बोला था, बाबूजी. पिछले सोमवार को ही, साहब के घर जाके. वो बोले, मेश्राम झूठ बोलेगा क्या?"

हल्केनं डबा बाजूला ठेवला. आवाजात राग नव्हता, दमणूक होती.

"आप उसी दिन बोल देते, तो मान जाते."

घाटावरून पाच-सहा जणांचं कुटुंब पायऱ्या उतरत होतं. हल्केनं त्यांना हाक मारली आणि मग लहानूजींकडे वळला. "उतरो बाबूजी, सवारी आ गई." पायरीवर शेवाळ होतं. म्हातारा घसरेल म्हणून त्यानं हात पुढे केला, आणि लहानूजींना तो धरावाच लागला.