खिडकीजवळचं टेबल

मामा कधी कुणाला नाही म्हणत नसत. हॉटेलात ताटं वाढणाऱ्या माणसाने नाही म्हणायचं नसतं, ही पहिल्या मालकांची शिकवण. मामांनी ती इतकी अंगी मुरवली, की पुढे पुढे तो शब्दच त्यांच्या तोंडातून निघेनासा झाला. हॉटेल गच्च भरलेलं असे, दारात माणसं ताटकळत असत, आणि नेमक्या त्याच वेळी एखादा घोळका आत शिरून आम्हाला सगळ्यांना एकत्रच बसायचंय म्हणून हटून बसे. मामा खांद्यावरचं फडकं या खांद्यावरून त्या खांद्यावर टाकत आणि म्हणत, "करू ना सोय." मग कुणाची खुर्ची सरकव, दोन म्हाताऱ्या मित्रांना गोड बोलून कोपऱ्यात हलव, गोदामातून एक डुगडुगणारं टेबल आण आणि त्याच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सार, असं करत बघता बघता सगळे बसलेले असत. वर प्रत्येकाला वाटे, की सगळ्यात चांगली जागा आपल्याच वाट्याला आली.

घरी मात्र मामी त्यावरून त्यांना टोचत. "लग्नाचं विचारलं तेव्हाही तुम्ही असंच म्हणाला असणार. करू ना सोय!" मामा हसत. मामींनी त्यांच्या हॉटेलात कधी पाऊल टाकलं नव्हतं. नवऱ्याने दिवसभर परक्यांना आग्रह करकरून वाढायचं आणि घरी आल्यावर पाण्याचा पेला मागत पाय पसरायचे, हे डोळ्यांनी बघायला तिथवर कशाला जायचं, असं त्यांचं म्हणणं.

हॉटेल बाजारामागच्या गल्लीत होतं. छत बुटकं, भिंती धुराने पिवळ्या पडलेल्या, पण रस्सा-भातासाठी लोक शहराच्या दुसऱ्या टोकाहून येत. पहिले मालक गेल्यावर त्यांची मुलगी गल्ल्यावर बसू लागली. ती शाळेत असताना स्वयंपाकघराच्या खिडकीजवळच्या टेबलावर बसून अभ्यास करायची, आणि येता-जाता मामा तिच्या वहीशेजारी काही ना काही खायला ठेवून जात. तेव्हापासून ते तिला ताई म्हणत, आणि ती त्यांना मामा. पुढे सगळं हॉटेलच त्यांना मामा म्हणू लागलं.

रस्ता रुंद व्हायचा म्हणून बाजारामागची ती ओळ पाडणार असं ठरलं, आणि ताई नव्या जागेसाठी वणवण करू लागली. तिची दमणूक मामांना बघवेना. एक दिवस चहा पुढे ठेवता ठेवता ते म्हणाले, की आमच्या भागात एकदा येऊन तर बघा.

मामांचा भाग म्हणजे बंद पडलेल्या रंगाच्या कारखान्यामागच्या चार-दोन गल्ल्या. कारखाना चालू होता तेव्हा तिथली गटारं आज निळी तर उद्या लाल वाहायची. तो बंद पडल्यावर निम्मी घरं कुलपं घालून निघून गेली. दुकानांची शटरं गंजली. मामा-मामी मात्र राहिले. एका दुमजली इमारतीच्या वरच्या मजल्यावर त्यांच्या दोन खोल्या होत्या आणि जिन्यापलीकडे एका शिंप्याच्या. मामींची सगळी मदार गल्लीवर उघडणाऱ्या एका खिडकीवर. गुडघे दुखू लागल्यापासून जिना उतरणं जिवावर येई, तेव्हा भाजीवाल्याशी भाव करण्यापासून समोरच्या म्हातारीच्या सुनेची चौकशी करण्यापर्यंत सगळा संसार त्या खिडकीतूनच चाले. ती खिडकी अडून बसायची. चौकट जराशी वर उचलून, खांद्याने डावीकडे रेटून, मग ढकलायची. ती युक्ती मामींनाच साधे. मामांनी बऱ्याचदा प्रयत्न करून सोडून दिला होता.

अलीकडे त्या भागात पुन्हा जीव येऊ लागला होता. एका गोदामात कुणी कुंभारकामाचे वर्ग सुरू केले, एका गॅरेजात कॉफीचं दुकान निघालं. पोरंपोरी येऊन गंजक्या फाटकांसमोर फोटो काढू लागली. मामींना त्याचं हसू येई. मामांची छाती मात्र फुगे. इतकी वर्षं लोक आपल्या पत्त्यावर नाक मुरडत, आता तेच पत्ता विचारत येतात, याचा त्यांना कोण आनंद. आणि त्यांच्या इमारतीचा खालचा मजला, जिथे एकेकाळी लाकडी खोकी बनत, तो रिकामाच पडून होता. खाली हॉटेल, वर घर. दुपारी पाठ टेकायला घरी येता येईल, मामींना हाक मारली तरी ऐकू जाईल. म्हातारपणी याहून जास्त काय हवं?

मग त्यांनी कंबर कसली. मागच्या अंगाला राहणाऱ्या घरमालकीणबाईंना राजी केलं. शिंप्याला धुराची काळजी होती. नव्याकोऱ्या कपड्यांना फोडणीचा वास लागला तर गिऱ्हाइकं माझ्या अंगावर येतील, म्हणाला. मामा त्याला म्हणाले, धुराडं मागच्या बाजूने नेऊ, माझा शब्द आहे. शिंप्याने टेप गळ्यात अडकवत म्हटलं, "तुमचा शब्द म्हणजे काय, मामा, आजवर तुम्ही 'नाही' तर कुणाला म्हणालाच नाहीत." ती चेष्टा होती. मामांना कौतुक वाटलं.

व्यवहार पक्का करायला ताईने घरमालकीणबाईंना आणि नकाशे काढणाऱ्या इंजिनिअरला जुन्या हॉटेलातच जेवायला बोलावलं. वाढायला अर्थात मामाच. दुपारची गर्दीची वेळ. दोन्ही हातांत रश्श्याचे वाडगे, मागच्या टेबलावरून कुणी पाणी मागतंय, स्वयंपाकघराच्या खिडकीतली घंटी वाजतेय, अशा धांदलीत ताईने मान वर करून विचारलं, "मामा, पुढेमागे वरचा मजलाही लागला तर जमेल ना?"

"करू ना सोय, ताई," मामा म्हणाले, आणि एक थेंबही न सांडता वाडगे टेबलावर ठेवून ते पाणी आणायला वळले.

घरी त्यांनी हे सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे. त्यांच्या लेखी ते बोलणंच नव्हतं. दार उघडताना बिजागरी वाजते, तसं काहीतरी तोंडातून वाजलं होतं.

हॉटेल आलं आणि पहिल्याच आठवड्यात गल्ली माणसांनी फुलून गेली. मामा नव्या चकचकीत फरशीवरून नवरदेवासारखे फिरत होते. रांग दारातून जिन्यावर चढू लागली. एकदा मामी भाजी घेऊन गुडघा धरत, एकेक पायरी चढत होत्या, तर एक मुलगी त्यांना म्हणाली, "आजी, रांग इकडून आहे." मामींनी सांगितलं की मी इथे राहते. मुलीने अदबीने बाजूला सरून वाट दिली आणि मैत्रिणीकडे बघून म्हणाली, कसलं भारी ना, इथे अजून माणसंही राहतात.

त्या दिवशी मामा वर आले तेव्हा मामी म्हणाल्या, "मला वाटलं, तुम्ही हॉटेल आपल्या गल्लीत आणताय. तुम्ही तर गल्लीच हॉटेलात नेऊन ठेवलीत."

मामांनी ते हसण्यावारी नेलं. पण मग समोरचा वाणी दुकान आवरून गेला आणि तिथे सुगंधी साबण मिळू लागले. समोरची म्हातारी मुलाकडे राहायला गेली. भाजीवाल्याला कुणीतरी तक्रार करून हलवलं. मामी खिडकीत उभ्या राहत, पण बोलायचं कुणाशी? खाली नुसत्या अनोळखी डोक्यांची रांग. आणि त्यानंतर एका सकाळी शिंपी दारात येऊन उभा राहिला. घरमालकीणबाईंनी वरचा मजला हॉटेलला द्यायचं ठरवलं होतं. त्याच्या खोल्या आणि यांच्याही.

ताईला हे माहीत नसणार, असंच मामांनी धरलं. घरमालकीणबाईंचा हा डाव असणार. आपण जाऊन सांगितलं की ताई तो उधळून लावील. जिना उतरताना ते मनाशी घोकत होते. नाही, ताई. आमचं घर आहे ते. नाही.

ताई हिशेबाच्या खोलीत होती. तिने त्यांना बघताच खुर्ची पुढे सरकवली. मामा बसले नाहीत. वरच्या मजल्याचं काहीतरी कानावर आलं, म्हणाले.

"हो, मी सांगणारच होते," ताई म्हणाली. "तुमच्याच भरवशावर तर सगळा बेत आखला, मामा. मी सगळ्यांच्या आधी तुम्हालाच विचारलं होतं. इंजिनिअरसमोर. तुम्ही हो म्हणालात."

"मी हो नव्हतो म्हणालो, ताई."

"मग काय म्हणालात?"

रश्श्याचे वाडगे, घंटी, मागचं टेबल, सगळं मामांच्या डोळ्यांपुढे आलं. "मी म्हटलं, करू सोय."

"मग?" ताई म्हणाली.

त्या 'मग'मध्ये काही काळंबेरं नव्हतं. तिला खरंच कळत नव्हतं. लहानपणापासून तिने या माणसाचं हे वाक्य ऐकलं होतं आणि ते वाक्य आजवर कधी खाली पडलेलं तिने पाहिलं नव्हतं. कुणी भांडायला उठलं असतं तर मामांना बळ आलं असतं. ही तर समोर बसून, काळजीने विचारत होती की मामींचे गुडघे कसे आहेत. शहराबाहेरच्या नव्या वसाहतीत तिने त्यांच्यासाठी घर बघून ठेवलं होतं. लिफ्ट होती. मामींना जिना चढायचे कष्ट नकोत, हे तिनेच आधी मनात आणलं होतं. "तुम्ही घरचेच ना, मामा," ती म्हणाली.

घोकलेला शब्द मामांच्या जिभेवर होता. तो तिथेच विरघळला. "बघू," ते म्हणाले. "करू सोय."

वर आल्यावर त्यांनी मामींना सगळं सांगितलं, जुन्या हॉटेलातल्या त्या दुपारसकट. मामी बराच वेळ पोळपाट पुसत राहिल्या. तो केव्हाच कोरडा झाला होता. शेवटी एवढंच विचारलं, "आणि आत्ता? आत्ता खाली काय म्हणालात?" मामांनी मान खाली घातली. सामान बांधून होईपर्यंत मामी मग कामापुरतंच बोलल्या.

शिंपी त्यांच्या आधी गेला. हातगाडीवर मशीन चढवून झाल्यावर त्याने हॉटेलच्या दाराशी उभ्या असलेल्या मामांचा निरोप घेतला. "सगळ्या गावाला बसवलंत, मामा," तो म्हणाला, "आम्हाला उठवून." या वेळी ती चेष्टा नव्हती.

नव्या वसाहतीतल्या घराला खिडक्या मोठ्या होत्या, सरकत्या, बोटाने उघडणाऱ्या. त्यांतून समोरच्या इमारतीच्या तशाच बंद खिडक्या दिसत. मामा दोन बस बदलून कामावर येऊ लागले. वरच्या मजल्यावरच्या मधल्या भिंती पाडल्या होत्या. पण जुनेपणाला आता मान होता, म्हणून इंजिनिअरने दारांच्या चौकटी आणि गल्लीवरची ती खिडकी तशीच ठेवली, वरून नुसतं तेलपाणी केलं. तिच्याजवळचं टेबल सगळ्यांना हवं असे. वरचा मजला ताईने मामांकडे सोपवला. घरचा माणूस म्हणून. जिथे त्यांचा पलंग होता तिथे आता चौघांचं टेबल होतं. तिथून ताटं घेऊन जाताना पलंगाच्या कोपऱ्याला वळसा घालायची पायांची सवय काही जाईना. नवे वाढपी हसत. त्यांना वाटे, म्हातारा लंगडतो.

आणि एका दुपारी मामी आल्या.

चांगली साडी नेसून, केस चापूनचोपून बांधून, कठड्याला धरत त्या जिना चढल्या. मामा ताट हातात घेऊन जागच्या जागी थबकले. ताई जिन्याच्या तोंडाशी उभी होती. ती लगबगीने पुढे आली, या ना मामी म्हणाली. पण मामींनी नवऱ्याकडेच बघत, एखाद्या परक्या गिऱ्हाइकासारखं विचारलं, "एकटीच आहे. खिडकीजवळ बसायला मिळेल?"

खिडकीजवळच्या टेबलावर 'राखीव' लिहिलेली पाटी होती. कुणाचा तरी वाढदिवस होता, मंडळी कधीही आली असती. मामांनी पाटीकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं. ताईने अगदी किंचित, नकारार्थी मान हलवली. आणि मामांचा हात आपोआप खांद्यावरच्या फडक्याकडे गेला.

"करू ना सोय," ते म्हणाले.

मामी हळूच म्हणाल्या, "म्हणून टाका की. ही जागा तुझी नाही म्हणावं. मला निदान ऐकू तरी द्या, तुम्हाला तो शब्द येतो का."

मामांनी त्यांना जिन्याजवळच्या छोट्या टेबलाशी नेलं. खुर्ची ओढून दिली. तिथे पूर्वी मामींचा ओटा होता. मामींनी हात टेबलाच्या कडेवरून एकदा फिरवला आणि त्या बसल्या. मामांनी रस्सा आणला, वाफाळता भात आणला, लिंबाची फोड ताटाच्या उजव्या कडेला ठेवली, पाण्याचा पेला पुसून भरला. मामींनी सावकाश, एकेक घास चावून, सगळं ताट संपवलं. मधे एकदा मामांनी भाताचं वाढण पुढे केलं. त्यांनी ताटावर आडवा हात धरला.

उठताना त्या म्हणाल्या, "लोक म्हणतात ते खरं आहे. तुम्ही फार चांगलं वाढता."

ताई गाडी मागवते म्हणाली, त्यांनी नको म्हणून सांगितलं. कठड्याला धरून त्या जिना उतरल्या आणि रांगेच्या कडेने वाट काढत बसच्या थांब्याकडे गेल्या.

तेवढ्यात वाढदिवसाची मंडळी हसत-खिदळत वर आली. खिडकीजवळ बसली. एकाला उकडू लागलं. तो उठून खिडकीशी झटू लागला, चौकटीला बुक्के मारू लागला, पण ती ढिम्म हलेना. त्याने मामांना हाक मारली. जरा उघडून देता का?

मामा ताटं उचलत होते. मामींच्या टेबलावरचा तो रिकामा पेला त्यांच्या हातात होता.

"नाही," ते म्हणाले. "ती खिडकी उघडत नाही."

मग पेला फडक्याने पुसून त्यांनी बाजूला ठेवला आणि पुढच्या टेबलाकडे वळले.