वाचनालयातलं युद्धखातं

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही हो, ते साचतात. वाचनालयात वीस वर्षं नोकरी केली की पुस्तकं हरवतात, खुर्च्या मोडतात, सभासद पुण्याला मुलाकडे राहायला जातात आणि आपल्यापाशी उरतात ते किस्से. परवा आम्ही जुन्या मैत्रिणी जमलो होतो. एकीनं सहज विचारलं, "काय गं, तुझ्याकडे ते युद्धवाले म्हातारे यायचे ना?" झालं! माझी गाडी अशी सुटली की चहा दोनदा गरम करावा लागला.

इंदिरानगरमधलं आमचं वाचनालय म्हणजे एका सोसायटीच्या तळमजल्यावरचा हॉल. मी तिथली ग्रंथपाल. सकाळी आठ ते अकरा पेपर वाचायला मंडळी यायची. त्यातल्या खिडकीजवळच्या टेबलाला मी 'युद्धखातं' असं नाव ठेवलं होतं. जगात कुठंही एका देशाची फौज दुसऱ्या देशात घुसली की तिचं प्रगतिपुस्तक या टेबलावर भरलं जायचं. आणि बहुतेक फौजा नापास व्हायच्या!

खात्यात माणसं साडेतीन. पहिले निकम सुभेदार. सटाण्याकडचे, तोफखान्यातून निवृत्त, एकाहत्तरची लढाई लढलेले. बोलायचे अगदी कमी. देवळालीच्या बाजूनं सरावाच्या तोफांचा धप्प आवाज आला की आम्ही दचकायचो. ते पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचे, "एकशे पाच." म्हणजे तोफेची जात. दुसरे गोसावी सर, भूगोलाचे निवृत्त शिक्षक. भिंतीवरचा जगाचा नकाशा त्यांचा, त्यावरच्या रंगीत टाचण्याही त्यांच्याच. तिसरे बोरस्ते, एकलहऱ्याच्या वीज केंद्रात इंजिनियर. रात्रपाळी सुटली की थेट आमच्याकडे. आणि उरलेल्या अर्ध्या म्हणजे कमळाबाई. मखमलाबादहून भाजीची पाटी घेऊन यायच्या. पाटी रिकामी झाली की पंख्याखाली दहा मिनिटं टेकायच्या. वाचता येत नव्हतं, पण ऐकायच्या सगळं.

* * *

पंच्याण्णव सालचा जानेवारी. रशियाचे रणगाडे चेचेन्याच्या राजधानीत शिरले. सरांनी नकाशावर लाल टाचणी टोचली आणि जाहीर केलं, "दोन दिवस! एवढी मोठी फौज, एवढंसं शहर. तिसऱ्या दिवशी खेळ खलास!"

आठवडा झाला तरी शहर पडेना. उलट पेपरात जळक्या रणगाड्यांचे फोटो यायला लागले. सर जाम चिडले. "अहो, रणगाडा आहे तो! त्याला गल्लीतली पोरं अडवतात म्हणजे काय?"

निकमांनी पेपरची घडी केली. "सर, गाडी आणलीय का?"

सरांची जुनी पांढरी चारचाकी होती. तिघं निघाले. पुढचं मला बोरस्त्यांनी सांगितलं. निकमांनी सरांना जुन्या नाशकात, तिवंध्याच्या बाजूला नेलं आणि एका बोळासमोर म्हणाले, "घ्या आत."

सरांनी घेतली! वीस पावलांवर समोर हातगाडी. मागं दोन स्कूटर येऊन उभ्या. दोन्ही बाजूंना भिंती अशा की दार उघडेना. वरच्या मजल्यावरून एक बाई ओरडली, "ओ काका, कुठं घुसताय?" आणि त्याच्याही वरच्या मजल्यावरून कोणीतरी खाली न बघता धुण्याचं पाणी ओतलं. बदाबदा बॉनेटवर!

मागच्या सीटवरून निकम शांतपणे म्हणाले, "सर, मागं घ्या."

"मागचं काही दिसत नाही!"

"मग पुढं घ्या."

"पुढं हातगाडी आहे ना!"

"वरून काय आलं?"

"पाणी!"

"तिथं पाणी नाही येत, सर."

बाहेर पडायला पाऊण तास लागला. दुसऱ्या दिवशी सरांनी गुपचूप ती टाचणी काढून शहराच्या बाहेर टोचली.

* * *

त्याच दिवसांतलं. एवढी बलाढ्य फौज इतकी वाईट का लढतेय, यावर चर्चा रंगली होती. सर म्हणाले, भूगोल. निकम म्हणाले, पायदळ आणि रणगाड्यांचा मेळ नाही. बोरस्त्यांचा प्रत्येक लढाईत एकच प्रश्न असायचा, "ते सगळं ठीक, पण त्यांचा कोळसा कुठून येतो?" कोळशाची गाडी उशिरा आली की वीज केंद्रात सगळ्यांचे चेहरे कसे होतात ते त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं. त्यामुळे रसद म्हणजे कोळसा!

कमळाबाई पदरानं वारा घेत होत्या. म्हणाल्या, "म्या एक इचारू का? त्या पोरांना घरून आनलं, तवा सांगितलं व्हतं का, कुठं चाललोय म्हनून?"

 त्याच सकाळी पेपरच्या आतल्या पानावर बातमी होती. पकडलेल्या कोवळ्या शिपायांना आपण कोणत्या गावात आहोत हेही ठाऊक नव्हतं. ती आमच्यापैकी फक्त निकमांनी वाचली होती.

निकम उठले, स्वतःची खुर्ची कमळाबाईंना दिली आणि मला म्हणाले, "ताई, आम्हाला हे शिकायला तीन वर्षं लागली."

कमळाबाई म्हणाल्या, "खुर्ची नगं. पंखा वाढवा."

* * *

अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात आपल्या अणुचाचण्या झाल्या, मग शेजाऱ्यांच्या झाल्या. सरांनी दाराशी एक फळाच टांगला. 'युद्ध भडकण्याची शक्यता', आणि खाली रोज खडूनं कमी, मध्यम किंवा जास्त.

एका सकाळी लिहिलं, 'जास्त'. संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीत धावपळ! कोणी रॉकेल भरून ठेवतंय, कोणी मेणबत्त्या. समोरच्या बिल्डिंगमधल्या जोशीवहिनींनी तर येवल्याहून भावाकरवी चार गोणी कांदे मागवले. नाशकात! कांदे! सगळ्यांनी त्यांना वेड्यात काढलं. गॅलरीत पाय ठेवायला जागा नाही, आणि वास असा की कबुतरंही बसेनात.

निकम फळ्यापाशी उभे राहिले. सरांना म्हणाले, "तुम्ही तोफ डागली सर, गोळा कुठं पडतोय ते बघितलं नाही." सरांनी फळा उतरवला.

युद्ध काही झालं नाही. पण त्याच वर्षी दिवाळीच्या तोंडावर कांदा असा कडाडला की सरकारं हलली! ज्यांनी हसून घेतलं होतं ते वाट्या घेऊन वहिनींच्या दारात. वहिनी प्रत्येकाला दोन-दोन कांदे देऊन सांगायच्या, "सरांचा अंदाज बरोबर होता हो. फक्त शत्रू चुकला!"

* * *

पुढच्या वर्षी कारगिल. त्याबद्दल हसत काही सांगण्यासारखं नाही.

निकमांचा प्रकाश तेव्हा द्रासला होता, वडिलांसारखाच तोफखान्यात. निकम रोज आठच्या ठोक्याला यायचे, पेपर पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचायचे आणि घडी करून जायचे. दुसऱ्याच दिवशी ते सरांना म्हणाले, "सर, इथल्या टाचण्या काढता का?" सरांनी काश्मीरमधल्या सगळ्या टाचण्या एका काड्यापेटीत भरल्या आणि पेटी माझ्या टेबलाच्या खणात ठेवली.

बोरस्ते हळूच म्हणायचे, "सुभेदार, ते वर बसलेत खरे, पण त्यांचा कोळसा कुठून येणार?" निकम नुसती मान हलवायचे.

एके दिवशी एक तरुण सभासद पेपर आपटून ओरडला, "बघत काय बसलेत! सरळ आत घुसायला पाहिजे, पार त्यांच्या शहरापर्यंत!"

निकमांनी पेपर खाली ठेवला. "बरं. घुसलो. मग?"

"मग काय? त्यांना धडा मिळेल!"

"ते दुसरीकडून घुसतील. मग?"

"मग आपण विमानं पाठवू!"

"त्यांच्याकडं तो बॉम्ब शे. मग?"

त्या पोरानं आपटलेला पेपर उचलून सरळ केला.  'आहे'चं हे सटाण्याकडचं 'शे' निकमांच्या तोंडून ते आतून हलले की तेव्हाच यायचं, एरवी नाही. म्हणाले, "या तिसऱ्या 'मग'चं उत्तर सापडलं तर मला सांग. मी रोज शोधतोय." आणि चष्मा पुसत बाहेर गेले.

कमळाबाई त्या महिन्यात पाटी रिकामी झाली नसली तरी यायच्या. यायच्या, विचारायच्या, "पत्र आलं का?" आणि जायच्या.

* * *

प्रकाश सुखरूप आला! दिवाळीच्या सुटीत वडिलांबरोबर वाचनालयात आला तेव्हा सरांनी नवा कोरा पेढ्यांचा बॉक्स फोडला आणि दोन पानं भरून काढलेले प्रश्न खिशातून काढले. तोफांचा कोन किती, हवा विरळ असते तर गोळा किती लांब जातो, शत्रूचं नेमकं कुठं चुकलं... सर वाचत होते, पोरगा गोड हसत होता.

सरांचं संपलं. प्रकाश म्हणाला, "सर, जरा डाव्या बाजूला येऊन बोलता का? उजव्या कानानं ऐकू येत नाही आता."

सरांनी कागदाची घडी केली. डाव्या बाजूला गेले आणि म्हणाले, "काही नाही रे. पेढा घे म्हणत होतो."

* * *

आता तुम्हाला खऱ्याखुऱ्या आक्रमणाची गोष्ट सांगते. दोन हजार दोन साल. सीमेवर दोन्हीकडची सैन्यं महिनोन् महिने समोरासमोर उभी होती, आणि इकडे आमच्या वाचनालयावर हास्यक्लबनं हल्ला केला!

बागेत चिखल झाला म्हणून ट्रॅकसूट घातलेली पंचवीस माणसं सकाळी सव्वाआठला हॉलमध्ये शिरली आणि हात वर करून "हा हा हा!" सुरू. पेपर वाचणारे हैराण. सर तावातावानं उठले. "मी नगरसेवकाला फोन करतो!" त्यांचे अध्यक्ष म्हणाले, "करा! आम्ही आमदारांना करतो!" बोरस्ते लाइटचं मेन बटण बंद करायला निघालेच होते.

निकमांनी सगळ्यांना बसवलं. "किती वेळ टिकतील? नाश्ता झालेला नाही त्यांचा. चहाची सोय नाही. वरून उकाडा. पाऊण तास." आणि खरंच, नऊला पाच कमी असताना हास्य पार बसलं. एकजण तर जांभया देत हा हा करत होता!

तेवढ्यात निकम मला हळूच म्हणाले, "ताई, मागचं दार उघडा."

"मागचं? ते तर कायम बंद असतं."

"उघडा. पुढच्या दारानं आपल्यासमोरून गेले तर आपण हसू. आपण हसलो तर उद्या पन्नास येतील."

मी दार उघडलं. माणसं एकेक करून मागच्या मागं गेली. अध्यक्ष शेवटी निघाले, तेव्हा निकम त्यांच्यासाठी चहाचा कप घेऊन दारात उभे! पुढच्या आठवड्यात अध्यक्ष आमचे आजीव सभासद झाले. विनोदी पुस्तकं मात्र कधी नेली नाहीत त्यांनी. फक्त गुप्तहेरांच्या कादंबऱ्या!

* * *

शेवटचा किस्सा. दोन हजार सहा असावं. अमेरिकेनं इराकची राजधानी तीन आठवड्यांत घेतली तेव्हा सरांनी त्या फौजेला 'ए प्लस' दिला होता. निकम म्हणाले होते, "घेतलं खरं, सर. आता राहायचंय." तीन वर्षांनी सर रोज तिथल्या स्फोटांच्या बातम्या वाचून खजील होत होते. वैतागून म्हणाले, "सुभेदार, तुम्ही सगळ्या जगाच्या फौजांना मार्क देता. एकाहत्तरला तुम्हीही त्यांच्या गावात घुसलाच होतात ना? तुमची कामगिरी कशी होती?"

मला वाटलं, भडकणार. पण त्यांनी पेपर बाजूला ठेवला.

"सीमेपलीकडचं एक गाव होतं. बठं गाव रिकामं, सगळंच्या सगळं. माणसं दोन दिवसांपूर्वीच निघून गेलेली. आमच्या तोफा रस्त्यावर थांबल्या होत्या, पुढं जायचा हुकूम यायचा होता. एका घरामागं म्हैस रेकत होती. जाऊन बघितलं तर कास तटतटलेली. दोन दिवस धार काढली नसणार. मी शेतकऱ्याचा पोरगा. रायफल भिंतीला टेकवली, घरातलं पितळी पातेलं आणलं आणि खाली बसलो."

कमळाबाई पुढं सरकल्या.

"आमचे साहेब आले. म्हणाले, 'निकम, क्या कर रहे हो?' म्हटलं, 'साब, इसको तकलीफ हो रही है.' साहेबांनी कासेकडं बघितलं. मग म्हणाले, 'जल्दी करो.' पातेलं काठोकाठ भरलं. पोरं म्हणाली, चहा करू. मी म्हटलं, नाही. चुलीपाशी ठेवलं, वर ताटली झाकली, म्हशीचं दावं सोडलं. हुकूम आला, निघालो."

"मग?" सरांनी विचारलं.

"युद्ध संपलं. दोन आठवड्यांनी त्याच रस्त्यानं परत आलो. गाव तसंच रिकामं. मी पळत त्या घरात गेलो. म्हैस नव्हती. माणूस नव्हतं."

कमळाबाईंनी विचारलं, "अन् पातेलं?"

निकम म्हणाले, "चुलीपाशीच होतं. घासून, पालथं घातलेलं."