एका सिरिंजमध्ये एकच औषध

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. मामांनी जी चूक कबूल केली ती त्यांची नव्हती. माझी होती.

मामा म्हणजे सोलापुरातल्या आमच्या इस्पितळातले भुलेचे टेक्निशियन, मूळचे मंद्रूपचे. मी भूलतज्ज्ञ म्हणून नवा लागलो तेव्हा त्यांची तिथे वीस वर्षं झाली होती. हा माणूस काहीच मिसळत नसे. डब्यातली आमटी आधी पिऊन संपवायची, मग कोरडा भात. ट्रेमध्ये सिरिंजा ओळीने, प्रत्येकीवर चिकटपट्टी, पट्टीवर टपोऱ्या अक्षरात एकाच औषधाचं नाव.

मला घाई असे. झोपेचं आणि वेदनेचं औषध सकाळीच एका सिरिंजमध्ये भरून ठेवायचं, असं मी ठरवलं. मामांना तसं भरायला सांगितलं. ते म्हणाले, "सायेब, दोन बैलांना दोन कासरे असत्यात की. एकच ठेवला तर एकट्याला कसं वळवणार?" मी हसलो आणि स्वतःच भरलं.

आठवडाभर झकास चाललं. मग वैरागच्या एक बाई मोडलेला हात बसवायला आल्या. हात ओढताना कण्हल्या. त्यांना फक्त वेदनेचं औषध थोडं वाढवून हवं होतं. सोबत झोपेचंही गेलं, कारण वेगळं द्यायची सोयच मी ठेवली नव्हती. श्वास थांबला. माझ्याआधी मामांनी हनुवटी उचलली, मास्क माझ्या हातात दिला. मी हवा देत राहिलो. काही मिनिटांनी बाई स्वतःहून श्वास घेऊ लागल्या. तासाभराने त्यांनी चहा मागितला.

सर्जनसाहेबांनी सिरिंज उचलून विचारलं, हे एकत्र कुणी भरलं? मी हातमोजे काढण्यात गुंतलो होतो.

"मी भरलं," मामा म्हणाले.

त्यांना जेवताना एकदा पाहिलेल्या माणसानेही हे मानायला नको होतं. सगळ्यांनी मानलं. मामांची बदली कपड्यांच्या स्टोअरमध्ये झाली. मी जिन्यात गाठलं तर म्हणाले, "तुमी अजून नवं. माझी दोनच वर्षं ऱ्हायलीत. जावा, पेशंट टेबलावर हाय."

तेव्हापासून मी दोन औषधं कधी एकत्र भरली नाहीत. विद्यार्थी याला माझी शिस्त म्हणतात.

मामा गेल्या महिन्यात वारले. मंद्रूपला गेलो. त्यांचा मुलगा म्हणाला, "आप्पांचा हात जन्मात एकदाच चुकला बघा, डॉक्टर. त्यांना वाईट वाटंल म्हणून आमी घरात कधी तो विषय काढला न्हाय."

मी चहा प्यालो आणि परत आलो.

तो हात माझा होता, हे त्या मुलाला सांगणं माझ्याकडून अजून बाकी आहे.