आधी नमस्कार, मग हातमोजे

हाताला स्पिरिट चोळलं की त्या वासासरशी नांदेडच्या विद्यापीठातलं गोळ्या बनवण्याचं प्रशिक्षण आठवतं. पास झाले तरच औषध कारखान्यात नोकरी लागणार होती. पांढरा कोट, टोपी, हातमोजे घालून मी मशीनपाशी गेले आणि सवयीनं मशीनला हात लावून कपाळाला टेकवला. "हातमोजे बदला! परीक्षेत असं केलं तर नापासच!" शिकवणाऱ्या मॅडम ओरडल्या. माझ्यामागून आलेल्या, लातूरच्या डाळमिलमध्ये काम केलेल्या भाऊंनीही तेच केलं. "लई वर्षांची सवय हाय, मॅडम," ते ओशाळून म्हणाले. "सरका, बघा कसं करायचं ते," म्हणत मॅडमनी बटण दाबायला हात पुढं केला, तो मशीनला लागला आणि आपसूक कपाळाला गेला. आम्ही पोट धरून हसलो. मॅडमही हसत हसत हातमोजे बदलायला गेल्या. आज कारखान्यात नव्या मुलींना मीच शिकवते: आधी नमस्कार, मग हातमोजे.