दोन्ही गाड्यांवर हरलेला रायडर

"गाडीत काही प्रॉब्लेम होता का?" देसाई साहेबांनी विचारलं.

मी हेल्मेट काढून टाकीवर ठेवलं. "नाही साहेब. गाडी व्यवस्थित पळाली."

"मग हरलो कसे?"

मी मागे वळून रस्त्याकडे बघितलं. विठ्ठलवाडीच्या पलीकडे नवीन डांबर पडलेला, अजून वाहतुकीला न उघडलेला एक सरळ रस्ता होता. रविवारची सकाळ. दोन्ही बाजूंना कॉलेजची पोरं उभी होती आणि त्यातली निम्मी माझ्याकडे बघून हसत होती. समोरची गाडी माझ्यापुढे चांगली चार-पाच गाड्यांचं अंतर ठेवून निघून गेली होती.

तो काळ जपानी बनावटीच्या शंभर सीसी गाड्यांचा होता. ठाण्यापासून कल्याणपर्यंत ज्या नाक्यावर चार पोरं जमतील तिथे एकच वाद: कुठली जास्त पळते? आमची एजन्सी माजिवड्याला होती. दुसऱ्या कंपनीच्या गाड्या विकणारी एजन्सी कल्याणला. दोन्ही मालक एका लग्नात शेजारी शेजारी जेवायला बसले आणि तोच वाद तिथे पेटला. जिलबी येईपर्यंत पैज ठरली होती. शोरूममधली एक-एक गाडी घ्यायची, एक-एक रायडर, आणि सरळ रस्त्यावर होऊन जाऊ दे. आमच्याकडून मी. कल्याणकडून दामोदर.

या दामोदरबद्दल आधी सांगायला हवं. एजन्सीत येण्यापूर्वी आम्ही दोघं ठाण्यात एका कार्बोरेटरच्या कारखान्यात टेस्ट रायडर होतो. कार्बोरेटर म्हणजे इंजिनाला पेट्रोल आणि हवा मिसळून देणारा भाग. एका गाडीला जुना बसवायचा, दुसरीला नवीन, आणि दोन्ही गाड्या शेजारी शेजारी फुल थ्रॉटल पळवायच्या. मग गाड्या बदलून पुन्हा पळवायच्या. म्हणजे मी त्याच्या गाडीवर, तो माझ्या. गाडी बदलली की जिंकणाराही बदलला, तर फरक गाडीत. एकच माणूस दोन्ही वेळा जिंकला, तर फरक माणसात. आमच्या बाबतीत तो कधीच माणसात निघाला नाही, कारण आमची जोडीच स्टोअरच्या काट्यावर उभं करून लावलेली होती. दोघंही पासष्ट किलो, उंचीही सारखी. शंभर सीसीच्या इंजिनात ताकद ती किती, दहा-बारा किलो जास्त बसले की गाडीला लगेच कळतं.

मी साताऱ्याकडचा, डोंबिवलीत एका खोलीत एकटा राहणारा. दामोदर खाडीकाठच्या कोळीवाड्यातला, घरात माणसांची आणि मासळीची चंगळ. आमचं बोलणं तसं कमीच व्हायचं. पूर्ण वेगात कोण बोलणार? पण सगळा दिवस एक माणूस आपल्या शेजारून, आपल्याच वेगाने जातोय, ही सोबत मला पुढे कधी कुठे मिळाली नाही. कारखान्याला टाळं लागलं तेव्हा पगार गेल्याचं दुःख सगळ्यांनाच झालं. मला दामोदर गेल्याचं जास्त झालं, पण असं काही सांगायची पद्धत आपल्यात नाही.

मग तो कल्याणला लागला, मी माजिवड्याला. दोन्ही मालकांची एकमेकांशी खुन्नस, त्यामुळे भेटणंही बंद झालं. एखादी दुरुस्त झालेली गाडी घेऊन मी घोडबंदर रोडला एकटाच टेस्टला जायचो आणि एकटाच परत यायचो. खोलीवर आलो की स्टोव्हच्या आवाजाचीही सोबत वाटायची.

तर त्या रविवारी पहिला रन मी हरलो. देसाई साहेब आमचे वर्कशॉप मॅनेजर. मालक त्यांच्याकडे बघत होते आणि ते माझ्याकडे.

मी म्हणालो, "साहेब, गाड्या बदलून एक रन करू. नुसत्या एका रनवर काही ठरत नाही."

"त्यांच्या गाडीवर तू बसणार?"

"आणि दामोदर आपल्या. गाडीचा फरक असेल तर आता मी जिंकेन."

कल्याणच्या मालकाला हे पटेना. जिंकल्यावर कोण परत खेळतो? पण दामोदर लांबूनच म्हणाला, "बदलू दे शेठ. मना पन बघायचंय."

त्याच्या अंगात जाड रेक्झिनचं जॅकेट होतं, डोक्यात पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट. चावी माझ्या हातात देताना त्याने काच वर केली, "बरा हायेस ना?" म्हणाला आणि काच खाली केली. मला वाटलं, मालक बघतोय म्हणून आखडतं घेतोय.

दुसरा रन सुरू झाला. रुमाल खाली आला, मी क्लच सोडला. स्टार्ट माझा चांगला होता, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन. गियर वेळेवर पडले. टाकीवर पालथा पडून मी गाडी तिच्या शेवटच्या दमापर्यंत ओढली. तरीही तिसऱ्या गियरमध्ये दामोदर माझ्या बरोबरीला आला, चौथ्यात पुढे गेला, आणि जवळजवळ पहिल्या रनइतकंच अंतर ठेवून जिंकला. आमच्या गाडीवर.

पोरांनी गोंधळ घातला. दोन्ही मालकांची तोंडं मात्र एकदम खुलली. कल्याणची गाडी एकदा जिंकली, माजिवड्याची एकदा. पुढच्या आठवड्यात दोन्ही शोरूमबाहेर 'वेगात आमचीच गाडी विजयी' असे बोर्ड लागले आणि दोन्ही बोर्ड खरे होते.

मी मात्र रस्त्याच्या टोकाला गाडी उभी करून तिच्यावरच बसून राहिलो. गाडी बदलली आणि जिंकणारा बदलला नाही. म्हणजे फरक माणसात. माझं वजन पासष्टच होतं, आदल्याच आठवड्यात पाहिलेलं. स्टार्ट मी चुकवला नव्हता. मग उरला तो.

गर्दी पांगल्यावर मी त्याला गाठलं. "दामू, चल जरा माझ्याबरोबर."

"कुठं?"

"चल म्हणतो ना."

रस्ता संपतो तिथे एक भंगाराचं दुकान उघडं होतं. बाहेर मोठा काटा. मी दामोदरला जॅकेट काढायला लावलं. आत शर्ट असा लोंबत होता की दुसऱ्या कोणाचा तरी घातलाय असं वाटावं. तो काट्यावर चढला. दुकानदाराने वजनं टाकली, काढली, परत टाकली. एक्कावन्न.

"आदमी का भाव नहीं है अपने पास," दुकानदार म्हणाला आणि स्वतःच हसला. आम्ही दोघंही हसलो नाही.

"कधीपासून?" मी विचारलं.

"पावसाल्यानंतर. संध्याकालचा ताप येतो. खोकला हाय." तो खाली उतरला. "पॅन्ट सैल झाली तवा वाटलं, धुऊन धुऊन झाली आसंल. मघाशी जिंकलो तवा वाटलं, गारी जिंकली. म्हनून बदलायला हो म्हटलं."

म्हणजे त्यानेही तोच हिशोब केला होता. दोघं एकाच तालमीतले.

"डॉक्टरकडे गेला नाहीस?"

"गेलो आनि त्यानं तेच नाव घेतलं तर? मालक दुसऱ्या दिवशी घरी बसवंल. पोरांना कोलीवाड्यात कोनी दारात उभं करनार नाय." जॅकेट चढवत म्हणाला, "विलास, कोनाला सांगू नको. आजचं पन."

मी म्हणालो, "नाही सांगत. पण उद्या तू माझ्याबरोबर दवाखान्यात येतोयस."

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी त्याला घेऊन गेलो. छातीचा फोटो निघाला, थुंकी तपासली. टीबीच होता. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात, गोळ्या न चुकता घेतल्या तर बरा होईल. दामोदरने मान हलवली. बाहेर आम्ही बाकावर बसलो. चहा घेतला आणि उठलो.

त्याच दुपारी देसाई साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. माणूस वाईट नव्हता.

"विलास, बोर्ड लावायला ठीक आहे. पण मालक विचारतायत. तूच आम्हाला शिकवलंस ना, दोन्ही गाड्यांवर एकच माणूस हरला तर दोष माणसात?"

"हो साहेब."

"मग आता मी काय समजू? मला वाटतंय तुझा हात गेला. तुला काही सांगायचंय का?"

सांगायला एकच वाक्य होतं. ते बोललो असतो तर माझी गाडी आणि माझी इज्जत दोन्ही वाचली असती. पण ते वाक्य संध्याकाळपर्यंत कल्याणला पोचलं असतं. दोन एजन्स्यांमध्ये गाड्यांपेक्षा बातम्या जोरात पळायच्या.

"नाही साहेब," मी म्हणालो.

मला टेस्ट रायडिंगवरून काढून पीडीआयला टाकलं. पीडीआय म्हणजे गिऱ्हाइकाला देण्याआधी नवीन गाडीची तपासणी: नट आवळा, बॅटरीत पाणी भरा, आरसा बसवा. गाडी पळवायची नाही, ढकलत बाहेर आणायची. मेकॅनिक पोरं काही दिवस मला 'डबल हार' म्हणायची. मग कंटाळली. मला राग यायचा, आणि तो कोणावर काढावा हे कळायचं नाही. दामोदरवर तर काढता येत नव्हता.

तो गोळ्या घेत राहिला. पाठदुखीचं निमित्त सांगून रायडिंगमधून सुटला आणि स्पेअरच्या काउंटरवर बसला. महिन्यातून एकदा मी कल्याणला जायचो आणि आम्ही त्याचं वजन करायचो. त्रेपन्न, सत्तावन्न, साठ. बरा झाला, मेडिकल पास झाला आणि मेकॅनिक म्हणून आखातात गेला. जाण्याआधी म्हणाला, "तुझी जागा मी खाल्ली." मी म्हणालो, "वजन तर वाढलं ना?" यावर तो फार हसला. तिकडेच त्याचं बस्तान बसलं. पुढे गाठभेट राहिली नाही.

काही वर्षांनी आमच्याकडे नवीन मॅनेजर आले. त्यांनी माझी जुनी नोकरी ऐकली आणि म्हणाले, "अरे, मग इथे काय नट आवळतोस? दोन कंपन्यांच्या नवीन गाड्या आल्यात. कुठली जास्त पळते ते काढून दे मला."

"जोडीला कोण आहे साहेब?"

"जोडी कशाला? तू एकटाच दोन्ही चालव."

मी नको म्हणालो. त्यांना वाटलं, वयाने घाबरला. पण दोन गाड्यांतली कुठली जास्त पळते हे ठरवायला सारख्या वजनाची दोन माणसं लागतात, आणि माझ्या वजनाचा माणूस मला परत मिळाला नाही.