बाहेरची कडी

सफिया अम्माचा कुणावर भरवसा नव्हता, आणि खरं सांगायचं तर माझाही तिच्यावर नव्हता. ओमानमधल्या सूरला गलबतं बांधतात तिथे मी सुतार; तिचं घर समोरच. दिवसभर उंबऱ्यावर बसून ती येणाऱ्या-जाणाऱ्याचे हात न्याहाळायची. आम्ही वेंगुर्ल्याची माणसं काही कमी संशयी नाही, पण ही म्हातारी आमच्याही वरताण. पाणी कुणाच्या हातून घ्यायची नाही. भांडं खाली ठेवायला लावायची आणि देणारा लांब गेला की मगच उचलायची.

तिची गोष्ट तिनेच मला सांगितली, खलाशी नवऱ्याकडून शिकलेल्या मोडक्या हिंदीत. तिची आई विकत घेतलेली, म्हणून तीही जन्मापासून धन्याची. वयात आल्यावर धन्याने तिला लेकीच्या लग्नात भांड्याकुंड्यांबरोबर द्यायचं ठरवलं आणि पळून जाईल म्हणून खजुराच्या कोठीत घालून बाहेरून कडी लावली. छपराच्या झावळ्या उसकटून ती निसटली, मासळीच्या होडीत दडून मस्कतला पोचली. तिथल्या इंग्रज वकिलातीच्या झेंड्याची काठी जो गुलाम धरील तो सुटतो, असं तिने बायकांच्या बोलण्यात ऐकलं होतं. तिने काठी धरली. मागावर आलेला धन्याचा माणूस ओरडला नाही, गोड बोलला. "पोरी, ऊन लागेल. घे, पाणी पी." भांडं घ्यायचं तर काठी सोडायला हवी. तिने सोडली नाही, आणि सुटली.

मला ही थाप वाटली होती. म्हाताऱ्या माणसांना दर्यावरच्या गोष्टी सांगायची खोडच असते.

२०१४च्या उन्हाळ्यात अम्मा भर दुपारी घराबाहेर पडली आणि वाट चुकून खाडीपाशी बेशुद्ध सापडली. चार दिवसांनी तिचा नातू नूरुद्दीन माझ्याकडे आला. "बाळकृष्ण भाई, दरवाजाला बाहेरून कडी बसव. मी कामावर असतो. पुन्हा गेली तर मरेल ती." माझ्या मनात पाल चुकचुकली. घरावर डोळा असेल पठ्ठ्याचा. पण पोराचे डोळे लाल झाले होते, आणि काम ते काम.

ड्रिल बघताच अम्मा उठली आणि दोन्ही हातांनी चौकट धरून उभी राहिली.

"अम्मा, तुझ्या भल्यासाठीच आहे," नूरुद्दीन म्हणाला.

"तेही असंच म्हणाले होते."

ऊन तापलं. तिचे ओठ सुकले. नूरुद्दीन माझ्या कानाशी आला. "तिला पाणी दे. माझं घेणार नाही, तहानेने तुझं तरी घेईल. हात सुटला की मी आत नेतो."

मी बाटली उघडून पुढे केली. खोटं कशाला बोलू, तहानेल्या म्हातारीला पाणी द्यायचं एवढंच माझ्या डोक्यात होतं. अम्माने बाटलीकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे, आणि चौकट आणखी घट्ट धरली. तेव्हा मला कळलं की ती थाप नव्हती. मला माझ्याच हाताची किळस आली. बाटली उंबऱ्यावर ठेवून मी मागे सरलो आणि ड्रिल पिशवीत टाकलं.

"कडी मी नाही बसवणार. खलास. दुपारी शेजारच्या कुबराला बसव हिच्याजवळ."

नूरुद्दीन ओट्यावर बसून रडला.

मी निघालो तशी अम्मा मागून म्हणाली, "सुतारा, तुझा पासपोर्ट कुठे आहे?"

"अर्बाबकडे. कपाटात. तो सांभाळतो."

"आणि कपाटाची किल्ली?"

संध्याकाळी मी अर्बाबच्या, म्हणजे माझ्या मालकाच्या, ऑफिसात गेलो आणि दारातूनच पासपोर्ट मागितला. तो हसला. चांगला माणूस आहे, कधी आवाज चढवत नाही. "कशाला रे? माझ्यावर भरवसा नाही? दारात काय उभा राहिलास, आत ये, कहवा घे."

"कहवा नंतर," मी म्हटलं, आणि चौकटीवरचा हात काढला नाही.